हॅम्लेटचं सस्पेन्स खातं

हॅम्लेटला नावं ठेवली की आपल्याकडची शिकलेली मंडळी दुखावतात. "अहो, तो विचारी होता!" म्हणतात. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' लिहून त्याला चंद्रसेन केलं, गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर गाजवला, तेव्हापासून डेन्मार्कचा हा राजपुत्र आपल्या घरचाच. आणि घरच्या माणसाला दोन शब्द सुनावता येतात.

बापाचं भूत येऊन सांगतं, तुझ्या काकानं माझ्या कानात विष ओतलं. हॅम्लेट म्हणतो, खात्री करून घेऊ. इथपर्यंत माझी तक्रार नाही. भुताचं तोंडी म्हणणं. ना व्हाउचर, ना सही. काउंटरवर मीही चाललं नसतं म्हटलं असतं. मग तो नटांकडून तसाच खून राजापुढे करवून घेतो, राजा ताडकन उठतो. टॅली झालं! लगेच पुढे काका एकटाच प्रार्थना करताना सापडतो, ह्याच्याजवळ तलवार आहे. तर हा म्हणतो, आत्ता मारला तर स्वर्गात जाईल.

ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तात्पुरती. एंट्री जुनी झाली की इन्स्पेक्शनवाले मानेवर बसतात. ह्या गृहस्थानं बापाचा खून सस्पेन्सला टाकला आणि स्वगतं म्हणत बसला.

मात्र त्याला निर्णय घेता येत नव्हता, हे साफ खोटं. पडद्याआड कोण आहे हे न बघता पोलोनियसला भोसकला, तेव्हा किती स्वगतं म्हटली? इंग्लंडच्या वाटेवर पत्र बदललं, बापाच्या मुद्रेनं बंद केलं, आणि दोन बालमित्र परस्पर मृत्यूच्या दारी रवाना! हाताखालच्यांचे निकाल झटपट, स्वतःच्या टेबलावरची फाइल तेवढी पेंडिंग. असला एक साहेब आम्हीही भोगलाय. शिपायाला मेमो सकाळी दहाच्या ठोक्याला. पीककर्जाच्या अर्जावर मात्र शेरा, 'चर्चा करा'. चर्चेला गेलं की "ठेवून जा, बघतो". तोवर पेरणी उलटायची. पण बोलायचे इतकं गोड, की त्यांच्या निरोपसमारंभाला अर्जदारांनाही हुंदका आला असता.

आणि करता येत नव्हतं असंही नाही. पोलोनियसचा मुलगा लेअर्टीझ बापाची बातमी कळताच फ्रान्सहून येतो आणि जमाव घेऊन सरळ राजवाड्यात घुसतो. पोरगा डोक्यानं बेताचाच, पुढे राजाच्या नादीही लागतो. पण घुसला की नाही? हॅम्लेट तर लोकांचा लाडका. हे खुद्द राजा बोलून दाखवतो. ह्या राजपुत्रानं नुसती हाक मारायची होती.

त्याऐवजी काय झालं? एका काकाच्या जागी, त्याला धरून, आठ माणसं गेली. त्यात बिचारी ओफिलियाही. हॅम्लेटच्या बापानं नॉर्वेच्या राजाला द्वंद्वात मारून जी जमीन मिळवली होती, ती त्याच राजाच्या मुलाला, फॉर्टिनब्रासला, अख्ख्या डेन्मार्कसकट मिळाली. मरता मरता हॅम्लेटनंच त्याच्या नावानं मत दिलं. ह्या कागदावर कसली चर्चा नाही, शेरा नाही! आणि डेन्मार्कची रयत पाचही अंक बाहेर उभी, हातात टोकन धरून.