कर्ता गहाळ आहे

फेब्रुवारी उलटू लागला की मला दोन-तीन कारखान्यांतून फोन येतात. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. त्या आठवड्यात शपथ होते, छातीला हिरवा बिल्ला लागतो, पटांगणात तेल पेटवून ते विझवून दाखवतात आणि घोषवाक्य स्पर्धा असते. स्पर्धेला परीक्षक लागतो. मी अनुवादक, थोड्याफार कविता छापून आलेल्या, शिवाय उमेदीची एकोणीस वर्षं कोकणपट्टीतल्या एका रासायनिक कारखान्यात कागदपत्रं लिहिण्या-सांभाळण्यात घालवलेली. याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार? गाडी येते, शाल-नारळ मिळतो, कँटीनचं जेवण चांगलं असतं. अकरा वर्षं मी हे केलं. यंदा नाही म्हणालो. फोनवरच्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मी तब्येतीचं सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण इथे लिहितो.

अकरा वर्षांत मी दीडेक हजार घोषवाक्यं वाचली असतील. त्यांत यमक जुळवायला घर येतं, घरी वाट पाहणारी आई येते, लहान मूल तर हमखास येतं. लिहिणारे कामगार असतात, त्यांच्या बायका असतात, शाळेत जाणारी पोरं असतात आणि ती मनापासून लिहितात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण दीड हजारांत एकही घोषवाक्य खरेदी खात्याला उद्देशून नव्हतं. गळका व्हॉल्व्ह बदलायला पैसे मंजूर करा, असं यमकात सांगणारं कुणी भेटलं नाही. शटडाऊन चार दिवसांचा असेल तर तो तीन दिवसांत उरकू नका, असं व्यवस्थापकाला बजावणारंही नाही. घोषवाक्य नेहमी हेल्मेटखालच्या माणसाशी बोलतं. सावध राहा, घाई करू नको, पोराबाळांची आठवण ठेव. म्हणजे धोका तिथे आहे तो आहेच, आता जगायचं की नाही हे तुझं तू बघ.

यात माझा शोध काही नाही. डेमिंग नावाचे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ १९५० साली जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना गुणवत्ता शिकवू लागले. पुढे त्यांनी व्यवस्थापनासाठी चौदा कलमं लिहिली. दहावं कलम सांगतं की कामगारांना उद्देशून लावलेली घोषवाक्यं, उपदेश आणि ‘शून्य दोषा’ची आवाहनं काढून टाका, बहुतेक दोष व्यवस्थेत असतात आणि ते कामगाराच्या हातात नसतात. आमच्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात या डेमिंगचा फोटो होता. त्याच्या शेजारी ‘शून्य दोष, शून्य अपघात’ असा फलक होता. दोन्ही एकाच दिवशी, एकाच सुताराने ठोकले होते.

आता माझ्याकडे येतो, कारण दुसऱ्यांवर बोट दाखवून मोकळं व्हायचं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

नायट्रोजन हा आपण रोज श्वासात घेतो तो वायू. हवेचे साधारण ७८ टक्के तोच. पण ज्वालाग्राही द्रव भरलेल्या टाकीत प्राणवायू राहू नये म्हणून ती नायट्रोजनने भरून ठेवतात. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. कोंडलेल्या जागेत प्राणवायू २१ टक्क्यांवरून अगदी खाली गेला तर आत शिरलेल्या माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही. दोन-तीन श्वास घेतो आणि खाली पडतो. मित्र पडलेला दिसला म्हणून दुसरा त्याला ओढायला उतरतो, तोही पडतो. रासायनिक कारखान्यांत माणसं मरण्याची ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली तऱ्हा आहे.

आमच्या टाक्यांच्या मॅनहोलजवळ फलक लावायचे होते. इंग्रजी मजकूर आला, त्यात ‘इनर्ट गॅस’ असे शब्द होते. मी पारिभाषिक कोश उघडला, ‘निष्क्रिय वायू’ हा शब्द घेतला आणि लिहिलं : ‘टाकीत निष्क्रिय वायू आहे. योग्य ती दक्षता घेण्यात यावी.’ शब्द अचूक होता. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने पूर्ण गुण दिले असते. फलक सुबक अक्षरांत रंगवून आले, तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी त्यांचं कौतुकही केलं.

तिसऱ्या वर्षीच्या शटडाऊनमध्ये ठेकेदाराचे दोघे एका टाकीत उतरले. एक आदल्या दिवशी आत राहिलेला पाना आणायला गेला, दुसरा त्याला काढायला. पहिला वारला. दुसरा वाचला. चार दिवसांनी मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. अहवालासाठी जबानी टिपून घ्यायची होती, माणुसकी म्हणून गेलो होतो असं म्हणणार नाही. सातवीपर्यंत शिकलेला, जवळच्याच गावचा. तो म्हणाला, ‘‘सायेब, पाटी वाचली की आम्ही. गॅस निष्क्रिय हाये लिवलंय. म्हंजे काय करीत नाय.’’

त्याचं काय चुकलं? निष्क्रिय म्हणजे काही न करणारा. निष्क्रिय सभासद, निष्क्रिय पुढारी. मराठी त्याला माझ्याइतकीच येत होती, किंबहुना त्याने शब्द प्रामाणिकपणे वाचला आणि मी तो कोशातून उचलला. ‘या टाकीत हवा नाही. आत गेलात तर दोन श्वासांत पडाल. पडलेल्याला काढायला आत जाऊ नका’ हे लिहायला मला कोणता कोश लागणार होता?

पण फलकाशी थांबलो तर मीही घोषवाक्यवाल्यांच्याच रांगेत. शब्द बरोबर असता तरी त्या दिवशी टाकीत नायट्रोजन असायला नको होता. टाकी हवेने धुऊन घेतलेली होती, आदल्या दिवशी माणसं आत काम करून वर आली होती. रात्री नायट्रोजनच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह पासिंग होत राहिला, म्हणजे बंद असूनही गळत राहिला. हे त्या व्हॉल्व्हबद्दल आधीच नोंदवलेलं होतं, आणि वहीतली ती नोंद माझ्याच हाताखालून गेली होती. अशा वेळी व्हॉल्व्हवर विसंबत नाहीत. फ्लँज उघडून मध्ये लोखंडी ब्लाइंड मारतात, किंवा पाइपाचा तुकडाच काढून ठेवतात. आमच्याकडे ब्लाइंड मारला नव्हता, कारण तो मारायला आणि काढायला मिळून अर्धी पाळी जाते आणि शटडाऊन एक दिवसाने कमी केलेला होता. सकाळी प्राणवायू मोजायचं यंत्र दुसऱ्या टाकीवर होतं. मॅनहोलपाशी उभा राहायचा स्टँडबाय चहाला गेला नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तशी वदंता पसरवली गेली. त्याला गॅस्केट आणायला स्टोअरला पाठवलं होतं.

अहवाल मी लिहिला. त्याची भाषा आजही पाठ आहे. ‘लाइन विलग करण्यात आलेली नव्हती.’ ‘प्राणवायूचे मोजमाप करण्यात आले नाही.’ ‘शटडाऊनचा कालावधी कमी करण्यात आला होता.’ आणि मग : ‘कामगाराने परवान्याशिवाय टाकीत प्रवेश केला.’

ही चार वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या तिन्हींत कर्ता गहाळ आहे. लाइन कुणी विलग केली नाही? कालावधी कुणी कमी केला? ‘करण्यात आला’ हे क्रियापद जणू आभाळातून पडतं. चौथ्या वाक्यात मात्र कर्ता आपल्या ‘ने’ प्रत्ययासह हजर आहे, आणि तो मेलेला आहे. ही मराठीचीच खोड आहे असंही नाही. हिंदीत ‘किया जाए’ आहे, इंग्रजी दस्तऐवजांचं तर यावाचून पानही हलत नाही. या अंकाच्या इतर विभागांतले वाचक आपापल्या भाषेतलं उदाहरण लगेच काढून देतील. जिथे पगार मोठा तिथे कर्ता लोपतो, जिथे रोजंदारी तिथे तो उगवतो. एकोणीस वर्षं मी हे व्याकरण चालवलं आणि त्यात मी वाकबगार होतो.

यामागे एक आकडाही उभा असतो. हाइनरिख नावाच्या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात. विम्याची प्रकरणं आणि कारखान्यांच्या नोंदी वाचून त्याने तो काढला. त्या नोंदी लिहिणारे कोण, तर बहुतांशी मुकादम आणि पर्यवेक्षक. म्हणजे माझ्यासारखेच. आम्ही ‘कामगाराने’ लिहायचं, कुणीतरी ते मोजायचं, आणि मोजून आलेला आकडा प्रशिक्षणवर्गाच्या पडद्यावर आम्हालाच शास्त्र म्हणून दाखवायचा. आमच्या वर्गात तो दरवर्षी दाखवत.

भोपाळबद्दल लिहिल्याशिवाय या देशात हा विषय पुरा होत नाही, आणि भोपाळमध्ये सगळंच आहे. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर सुटलं. त्या आधी कित्येक महिने टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती. वायू धुऊन घेणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळणाऱ्या फ्लेअरच्या पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. कामाच्या पाळीतली माणसं कमी केलेली होती. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि चालवणाऱ्यांपैकी अनेकांची भाषा हिंदी होती. एवढं सगळं ‘करण्यात आलेलं’ असताना कंपनीला शेवटी कर्ता सापडला तो कोण? एक नाराज कामगार. त्याने मुद्दाम पाणी सोडलं, हे कंपनीने वर्षानुवर्षं लावून धरलं.

आणि इशारा दिला गेला नव्हता असंही नाही. १९८२ साली राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने ‘रपट’ या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात हा कारखाना शहराच्या मुळावर येईल असं लिहिलं, एकदा नव्हे, पुन:पुन्हा. गावाला कळेल अशा भाषेत, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. पुस्तिका इंग्रजीत छापून आल्या म्हणून त्या अधिकृत, आणि हिंदीतला इशारा म्हणजे गावगप्प. २०१० साली निकाल लागला तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. गुन्ह्याचं कलम होतं निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याचं.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांवरचं नवं प्रकरण घातलं गेलं. त्यात कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला : धोका दिसला तर त्याने व्यवस्थापकाला सांगावं, निरीक्षकालाही कळवावं. मग व्यवस्थापकाने तातडीने उपाय करायचा, पण कधी? असा धोका आहे याबद्दल त्याची खात्री पटली तर. घरात धूर झाला तर ओरडण्याचा हक्क तुला आहे. आग आहे की नाही हे घरमालक ठरवील. माझ्या टाकीवरच्या माणसाने जरी ओरडून सांगितलं असतं, तरी खात्री पटवून घेणारा माणूस तोच होता ज्याने एक दिवस कमी केला होता.

फलकांचा आणखी एक प्रकार असतो, दारावरचा, ‘शेवटच्या अपघातानंतरचे दिवस’ मोजणारा. आमच्या दारावर तो होता, आणि अपघातानंतर सकाळी तो शून्यावर आणायचं काम एका वॉचमनकडे होतं. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहिरीचा तरंगता मंच पेटला आणि अकरा माणसं गेली. त्या दिवशी बडे अधिकारी मंचावर आलेले होते, आणि त्यांच्या भेटीत एका गोष्टीचं कौतुक होतं : सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही. पाय घसरून पडणाऱ्यांची मोजणी चोख होती. विहिरीच्या पोटातला दाब त्या मोजणीत बसत नव्हता.

‘‘पण कामगार खरोखर हेल्मेट काढतात, पट्टा अडकवत नाहीत, त्याचं काय?’’ माझे जुने सहकारी हे विचारतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. मीही पाहिलंय. पण ज्या पाइपरॅकवर पट्टा अडकवायला जागाच ठेवलेली नाही तिथे पट्टा घालणं म्हणजे देवाला नारळ वाढवणं. ज्या चष्म्यावर कोकणातल्या दमटपणात दहा मिनिटांत वाफ धरते तो काढल्याशिवाय गेज वाचता येत नाही. शिंगो हे जपानी अभियंते चूक होऊच नये अशा जोडण्या बनवत, उलटा बसणारच नाही असा भाग, विसरलं तर पुढे सरकणार नाही असं यंत्र. आधी ते या पद्धतीला ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. कारखान्यातल्या एका कामगार बाईला ते लागलं, आणि त्यांनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. एका शब्दात माणूस मूर्खाचा चुकणारा झाला. आमच्याकडे हे तंत्र आलं तेव्हा आम्ही त्याची घोषवाक्य स्पर्धा घेतली.

मित्रांनो, साहित्यिकांनो, या स्पर्धांना परीक्षक आपल्यातूनच जातात. अनुवादाची कामंही आपल्याकडे येतात, पानाला अमुक रुपये दराने, परमिटचे नमुने, कार्यपद्धती, फलक. कवितेच्या एका शब्दासाठी आपण महिना घालवतो आणि हे काम रात्रीतून उरकतो, कारण ते ‘साहित्य’ नाही. मी उरकलं होतं. ‘निष्क्रिय’ लिहायला मला चार मिनिटंही लागली नव्हती.

त्या बाईंना मी दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. तब्येत बरी आहे म्हणालो, परीक्षक म्हणून येत नाही, पण टाक्यांचे फलक फुकट लिहून देतो, आणि त्यासाठी मला प्रत्येक टाकीवर काम करणाऱ्या ठेकेदारांच्या माणसांशी, ते ओडिया बोलत असोत की भोजपुरी, एक एक तास बोलू द्या. आणि अहवालाच्या छापील नमुन्यात प्रत्येक वाक्यापुढे ‘कुणी?’ असा एक रकाना घाला. बाई भल्या होत्या. वरती विचारून सांगते म्हणाल्या. आठवड्याने उत्तर आलं : फलकांचा मजकूर मुख्यालयातून ठरून येतो, आणि नमुन्यात रकाना वाढवता येत नाही, तो संगणकात पक्का बसवण्यात आलेला आहे.