आकडा नंतर, आधी मुदत विचारा

केळीचा सौदा ठरवताना आपण किती प्रश्न विचारतो ते जरा आठवा. आजचा भाव काय, कापणी कोणत्या दिवशी, वजन कुठल्या काट्यावर, दांड्याचं वजन धरणार की वजा करणार, पैसे रोख की आठ दिवसांनी, आणि अर्धी बाग कापून गाडी परत आलीच नाही तर उरलेल्या घडांचं काय? फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यातला अल्पभूधारकसुद्धा एवढं विचारल्याशिवाय बागेत विळा लावू देत नाही. पण त्याच घरातला पोऱ्या खेळात चमकला आणि एखाद्या संघाचा कागद घरी आला, की हाच हुशार शेतकरी एकच प्रश्न विचारतो : "किती देणार?" आकडा ऐकला, पेढे वाटले, सही झाली. बाकीची पानं कुणी उलटतच नाही.

शेतीच्या पानावर खेळाडूचा करार कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, हे पोरगं आपल्याच घरचं आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतल्या खेळाला बाजारभाव आला. त्याच वर्षी फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबादच्या संघांत गेला. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या कबड्डी लिलावात ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. अशी बातमी आली की गावोगावच्या बापांची झोप उडते. उडावीच. पण बोलीचा आकडा म्हणजे बाजार समितीच्या फळ्यावरचा भाव. हातात काय पडतं ते पट्टी बघितल्यावरच कळतं.

कबड्डीच्या लिलावात खेळाडूला बोलायला फारशी जागा नसते. बोली दोन मालकांत चालते. फुटबॉलमध्ये तसं नाही. आपल्या देशातल्या मोठ्या स्पर्धेत सुरुवातीला खेळाडूंची वाटणी निवड पद्धतीने व्हायची, आता करार संघ आणि खेळाडू थेट बसून ठरवतात. म्हणजे घासाघीस करायला जागा आहे. प्रश्न एवढाच, की एका बाजूला संघाचा वकील आणि व्यवस्थापक बसलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. विहिरीच्या सौद्याला आपण पोराला एकट्याला पाठवतो का? मग इथे का पाठवायचं?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. खेळाडूच्या करारात आकडा सगळ्यात शेवटी बघायचा आणि मुदत सगळ्यात आधी. खेळाडूचं खरं भांडवल म्हणजे त्याच्या उमेदीची दहा-बारा वर्षं. ते हंगामी पीक आहे. वाफसा निघून गेला की कितीही भारी बियाणं टाका, उगवण होत नाही.

मुदतीचा घोळ काय करतो याचं उदाहरण जगाच्या फुटबॉलमध्ये प्रसिद्ध आहे. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन लिएज नावाच्या क्लबकडून खेळायचा. १९९० साली त्याचा करार संपला. महिन्याला बक्षिसांसह सरासरी १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक मिळत होते; क्लबने नव्या करारात ३० हजार देऊ केले. त्याने नकार दिला आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या संघाशी बोलणी केली. पण त्या काळी नियम असा होता की करार संपला तरी जुन्या क्लबला बदलीची रक्कम मिळाल्याशिवाय खेळाडू सुटत नसे. डंकर्क पैसे देईल की नाही याचा लिएजला भरवसा वाटेना. दाखला गेलाच नाही. पोरगं ना इकडचं, ना तिकडचं. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपल्यावर तिथल्याच दुसऱ्या देशातल्या संघाकडे जाताना जुना क्लब बदलीचे पैसे मागू शकत नाही. त्या निकालाने पुढच्या हजारो खेळाडूंचं भलं झालं. बोसमन मात्र तोवर एकतिशीत पोचला होता. निकाल हाती आला तेव्हा त्याचा हंगाम सरला होता. कोर्टाची पायरी न चढता जे कागदावरच मिटवता येतं ते तिथेच मिटवावं, हा यातला धडा.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान. ऑक्टोबर २००० मध्ये तो भारताच्या संघात आला, वय बावीस. त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून त्याच्या जाहिरातींचं काम पाहण्यासाठी एका कंपनीशी तीन वर्षांचा करार झाला. त्यात एक कलम होतं : मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाचा देकार आला, तर तो आधी या कंपनीला दाखवायचा, कंपनीने तेवढाच भाव दिला तर काम तिलाच. वरवर बघता यात वाईट काय दिसतं? पण विचार करा. बाग कापून झाली, हिशोब मिटला, आणि तरीही पुढच्या लागवडीचा माल आधी जुन्याच व्यापाऱ्याला दाखवायचा! मग नवा व्यापारी बांधावर येईलच कशाला? २००३ साली मुदत संपली, झहीरने दुसरीकडे करार केला आणि भांडण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो उठवला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. करार कायदा १८७२, कलम २७ : कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारी अट निरर्थक असते. मुदत चालू असताना बंधन घालता येतं, मुदत संपल्यावर नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून पोराच्या कागदावर आधी हे शोधा : करार कोणत्या तारखेला सुरू, कोणत्या तारखेला संपणार? "पुढे दोन वर्षे वाढवण्याचा अधिकार संघास राहील" असं कुठे लिहिलंय का? असेल तर तो अधिकार एकट्या संघाला की पोरालाही? वाढवलेल्या वर्षांचा पगार आजच लिहिलाय, की जुन्याच पगारावर राबवणार? आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, याच्या नियमात कराराची मुदत साधारण पाच वर्षांपर्यंत धरली आहे आणि अठरा वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही. शिवाय कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या संघाशी पुढचा करार करायला खेळाडू मोकळा असतो. हे माहीत असलेला बाप आणि माहीत नसलेला बाप यांच्या बोलण्यात फरक पडतोच.

एका गावी केळीवरच्या करप्याची पाहणी करून बांधावर बसलो होतो. तिथल्या आप्पांनी पिशवीतून कागद काढला. पोरगं सोळा वर्षांचं, फुटबॉल चांगला खेळतं. कागद एका प्रशिक्षण संस्थेचा, सगळा इंग्रजीत. राहणं, जेवण, सराव मोफत. बदल्यात पाच वर्षं दुसरीकडे खेळायचं नाही आणि मधे सोडलं तर झालेला सगळा खर्च परत. खर्च किती झाला ते कोण ठरवणार, याचा पत्ता नाही. आप्पा म्हणाले, "साहेब, फुकट शिकवताहेत, त्यांना विचारायचं कसं?" मी म्हटलं, "आप्पा, जो बियाणं फुकट देतो त्याला माल कोणत्या भावाने नेणार ते आधी विचारायचं असतं." आपल्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार टिकत नाही. म्हणून तर असे कागद बापाच्या सहीसाठी येतात. सही बापाची, तर वाचायची जबाबदारीही बापाचीच.

दुसरी गोष्ट दुखापतीची. सिद्धार्थ देसाईचंच बघा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या हंगामात थोडे सामने खेळला आणि खांद्याच्या दुखापतीने बाहेर बसला. २०२२ साली कबड्डीचा सगळ्यात महागडा खेळाडू पवन सेहरावत, बोली २ कोटी २६ लाखांची. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि हंगाम संपला. एवढ्या मोठ्यांवर जी वेळ येते ती आपल्या पोरावरही येऊ शकते. केळीचा विमा आपण वादळ-गारपिटीसाठी उतरवतो ना? मग विचारा : शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? बसून राहिलेल्या महिन्यांचा पगार चालू की बंद? बरा होईपर्यंत व्यायामाचा, तज्ज्ञाचा खर्च कोण करणार? वैद्यकीय तपासणी सहीच्या आधीच उरकून घ्या. सहीनंतर "तपासणीत नापास, करार रद्द" असं म्हणायला फिफाचा नियम संघाला परवानगी देत नाही.

तिसरी गोष्ट पैसे वेळेवर येण्याची. उसाचं बिल थकल्यावर काय होतं ते आपल्याला शिकवायला नको. फुटबॉलमध्येही तेच. २०२५ च्या जुलैत सुपर लीगचा पुढचा हंगाम व्यापारी हक्कांच्या वादात अडकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या नावाजलेल्या संघाने खेळाडूंचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. करार पक्का होता, खेळाडू तयार होते, पण स्पर्धाच उभी राहत नव्हती. म्हणून पगाराची तारीख कागदावर हवी आणि स्पर्धा लांबली तर काय, हेही हवं. फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर करार सोडायला त्याच्याकडे रास्त कारण आहे. पण ती नोटीस लेखीच हवी. फोनवरच्या तक्रारीला पुरावा नसतो.

इथवर संघांना धारेवर धरलं. आता आपल्याकडेही बघू. बयाणा एकाचा घ्यायचा आणि भाव चढला की माल दुसऱ्याच्या गाडीत भरायचा, हे आपल्यातही होतं. बचावपटू अन्वर अलीचं प्रकरण असंच मोठं गाजलं. २०२४ साली मोहन बागानचा करार मुदतीआधी सोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. त्याच्याकडून कारणं सांगितली गेली, पण महासंघाच्या समितीने सप्टेंबरमध्ये त्याला चार महिने बंदी केली आणि त्याच्यासह ईस्ट बंगाल व दिल्ली एफसीने मिळून १२ कोटी ९० लाख भरपाई द्यावी, असा हुकूम काढला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा महासंघाने तो हुकूम मागे घेऊन नव्याने सुनावणी करायचं कबूल केलं. चूक कोणाची यात मी शिरत नाही. पण चोवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर असा आकडा लटकणं, हेच पुरेसं बोलकं आहे. सहीआधी हवं तितकं ताणा, सही झाल्यावर शब्द पाळा. मुदत आखूड आणि स्वच्छ असली की पळून जायची वेळच येत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजी मंडळींसाठीही यात काम आहे. फिफाच्या नियमात खेळाडू घडवणाऱ्या लहान क्लबांचा वाटा ठेवलेला आहे. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या संघात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. हिशोब सोपा आहे. बदली एक कोटीची झाली तर पाच लाख बाजूला निघतात. बारा ते पंधरा या वयाचे चार हंगाम तो गावच्या क्लबात खेळला असेल तर त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे एक लाख, त्या क्लबचा. अट एवढीच, की क्लब संघटनेशी संलग्न हवा आणि पोराची नोंद तारखेनिशी हवी. आपली क्रीडा मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदतात आणि पुढे कागद कपाटात पडतो. जिल्हा संघटनेची संलग्नता, दरवर्षीची खेळाडूंची यादी, जन्मतारखेचा दाखला, एवढं दप्तर नीट ठेवलं तरी पुरे. पोरगं परदेशी जाईल तेव्हा जाईल, पण हेच दप्तर त्याच्या वयाचा आणि खेळाचा पुरावा म्हणून उद्या त्याच्या करारालाही उपयोगी पडेल.

१९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपुरात भरलं. तिथे शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं नुसतं भाषणात राहिलं नाही. खंड कमी करा, कुळाला जमिनीची शाश्वती द्या, कर्जाचा बोजा हलका करा, अशा मागण्या ठरावात लिहून मांडल्या गेल्या. लिहिलेली मागणी पुढे दाखवता येते. या मातीतल्या पोराच्या करारालाही तोच न्याय लावा.

तेव्हा घरी कागद आला तर त्याच दिवशी सही करू नका. मराठीत उतरवून मागा. आठ दिवस घ्या. गावात शिकलेलं कुणी असेल त्याच्याकडून वाचून घ्या आणि तालुक्याच्या वकिलाची फी द्यायला कचरू नका. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी आपण त्याहून जास्त हेलपाटे घालतो. मधे दलाल असेल तर त्याचा फिफाचा परवाना बघा आणि त्याचा वाटा किती, तो कोणाकडून घेणार, हे लिहून घ्या. मुदत, दुखापत, पगाराची तारीख, सुटण्याची वाट, या चार गोष्टी कागदावर आल्या की मग आकड्याकडे वळा. आणि संघवाला म्हणाला, "आत्ताच सही करा, नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे," तर त्याला चहा पाजा आणि कागद मात्र घरीच ठेवून घ्या. ज्याला तुमचं पोरगं खरंच हवं आहे, तो आठ दिवस थांबतो.