अंगणवाडीपासून पोर लपवू नका



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत आरोग्य पथक आले. नावे लिहून घ्यायला मी ताईंच्या मदतीला बसलो होतो. यादीतले एक पोर आलेच नाही. घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "गावी गेलाय." आतून मात्र फळीवर डोके आपटल्याचा आवाज येत होता. चार वर्षांचा मुलगा. अजून बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, मनाविरुद्ध झाले की स्वतःचाच हात चावतो. संध्याकाळी वहिनी आपणहून आल्या. "भाऊजी, एकदा वेड्याचा शिक्का बसला की शाळेत कोण घेईल त्याला?"

भीती खोटी नाही. पण ज्या अंगणवाडीपासून त्यांनी पोर लपवले, तिची शिकवण्याची रीत मुळात अशाच मुलांपासून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रोम शहरात मारिया माँटेसरी नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. त्या काळी तिथे मंदबुद्धी म्हटलेल्या मुलांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडत. सांगतात की, तिथली राखणदारीण तक्रार करी, ही पोरे जेवण झाले तरी जमिनीवरचे पावाचे कण चिवडतात, हावरट आहेत. बाईंनी खोली पाहिली. हातात घ्यायला एक वस्तू नव्हती. त्यांनी ओळखले, ही भूक पोटाची नव्हे, हातांची आहे. इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांना शिकवून लिहिलेले ग्रंथ त्यांनी हाताने उतरवून काढले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली, ती त्यांनी चालवली. हाताळायच्या वस्तू, बोटाने गिरवायची अक्षरे. त्यांतली काही मुले लिहायला-वाचायला शिकून परीक्षा पास झाली. लोकांनी वाहवा केली. बाईंना मात्र प्रश्न पडला, मग धडधाकट मुले एवढी मागे का? १९०७ साली सॅन लोरेन्झो या मजूरवस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बालघर उघडले. तीच रीत आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आपलीशी केली आणि बोर्डी-कोसबाडला गरिबांच्या अंगणापर्यंत नेली. अंगणवाडी शब्द तिथला.

आता शिक्क्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. बोलायला उशीर, वागण्यातली अडचण, स्वमग्नता हेही त्यात बघतात. गरज वाटली तर शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, तिथे उपचार मोफत. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे ज्या दाखल्याला वहिनी घाबरतात, तोच शाळेच्या दारात दाखवायचा कागद आहे. नाकारणारे हेडमास्तर भेटतात, मलाही भेटले. तेव्हा नकार लेखी मागावा. कारकुनी अनुभवाने सांगतो, लेखी म्हटले की आवाज खाली येतो.

गंडेदोरे, 'मामाही उशिराच बोलला होता', यात वहिनींची दोन वर्षे गेली. पुढच्या पथकाची वाट बघायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. सोमवारी मी रजा टाकली आहे. वहिनींनी विचारले, जन्माचा दाखला लागेल का? म्हटले, असेल तर घ्या, नसेल तरी पोराला घ्या.