दांडीचा मोह

गिटारवाल्यांच्या जगात एक चूक गेली सत्तर वर्षं मोठ्या रुबाबात नांदते आहे. १९५४ साली लिओ फेंडर यांनी स्ट्रॅटोकास्टर (लाडाने स्ट्रॅट) ही गिटार बाजारात आणली आणि तिच्या, दांडीने हलणाऱ्या ब्रिजला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होत राहणं. ही दांडी सूर खालीवर करते, म्हणजे तो व्हायब्राटो. त्यांच्याच कंपनीच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरवर ‘व्हायब्राटो’ लिहिलेलं बटण मात्र खरा ट्रेमोलो देत असे! असली बारशातच घोटाळा झालेली वस्तू आपल्या साध्या, पक्क्या ब्रिजच्या गिटारला बसवून घ्यावी का, या विचाराने सध्या आमच्या भाच्याची झोप उडाली आहे.

आमचं मत विचाराल तर, लाकूड कोरावं लागणार असेल तर नको.

स्ट्रॅटची यंत्रणा वरून चार स्क्रू मारून बसत नाही. गिटारच्या अंगाला आरपार खिडकी पाडावी लागते, पाठीत स्प्रिंगांसाठी खण कोरावा लागतो. मग पुढून सहा तारांची ओढ, दहा नंबरचा नेहमीचा संच असेल तर सुमारे ४५ किलो, आणि मागून तीन ते पाच स्प्रिंगांची. या रस्सीखेचीत ब्रिज तरंगत राहतो. म्हणून एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. एक तार बोटाने ओढली की शेजारच्या किंचित उतरतात. दांडी सोडल्यावर एखादी तार मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचेत अडकून बसली तर पुढचं सगळं गाणं बेसूर. (खाचेत पेन्सिलीचं शिसं घासणं हा गरिबाचा उपाय, बऱ्यापैकी चालतो.) फ्लॉइड रोझ यांनी १९७०च्या दशकात नटपाशीच तारा आवळून टाकण्याची युक्ती काढली, ट्यूनिंग टिकलं, पण तार बदलायची म्हणजे आधी पाना शोधणं आलं. एरिक क्लॅप्टन यांनी तर आपल्या स्ट्रॅटच्या पाठीत लाकडाचा ठोकळा ठोकून तो ब्रिजच जखडून टाकला.

तरीही मोह खोटा नाही. सतार असो की गिटार, बोटाने तार ओढली की सूर चढतो. पडद्यावरच्या मूळ सुराच्या खाली बोट त्याला नेऊ शकत नाही. दांडी दाबली की तारा सैलावतात आणि सूर खाली झुकतो, तोही सहाच्या सहा तारांवर एकदम. हे बोटांच्या आवाक्यातलं नाही. हँक मार्व्हिन यांनी १९६०च्या ‘अपाची’ या धुनेत या दांडीला नुसता हात लावून सुरांना हलकी थरथर दिली. जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ साली वुडस्टॉकला तिच्याच मदतीने अमेरिकेच्या राष्ट्रगीतात बाँब पाडले. दांडी तीच, पण गरजा दोन वेगळ्या.

नुसती थरथर हवी असेल त्याने बिग्सबी नावाची दुसरी दांडी पाहावी. ती गिटारच्या अंगावर बसते, आणि लेस पॉलच्या घाटाच्या गिटारींसाठी तर आहेत त्याच भोकांत बसणाऱ्या जोडपट्ट्या मिळतात. जड आहे, सूर फार खाली नेत नाही, तार घालताना चिडचिड होते. पण नकोशी झाली तर काढून ठेवता येते. ज्याला बाँब पाडायचे आहेत त्याने मुकाट्याने दुसरी गिटार घ्यावी. सुटे भाग, कोरीवकाम आणि मजुरी यांची बेरीज एकदा कागदावर मांडली की हे आपोआप पटतं.

भाच्याला आम्ही मित्राची स्ट्रॅट महिनाभर मागून आणायला सांगितलं आहे. पहिल्या आठवड्यात तो दांडी सोडणार नाही, हे ठरलेलंच. चौथ्या आठवड्यातही हात तिकडे जातो का, ते पाहू. त्याने शेजाऱ्यांकडून आणून ठेवलेलं ड्रिल मशीन तोवर आमच्या कपाटात आहे, आणि किल्ली आमच्या खिशात.