रक्त गाळले, पण ताटाचे काय?

गेल्या दिवाळीत जर्मनीत स्थायिक झालेला माझा भाचा बेळगावी आला होता. पहिल्याच दिवशी त्याने फोडणीची आमटी बाजूला सारली. कारण विचारताच म्हणाला, “मामा, दर पंधरवड्याला अडीच तास रक्त गाळून घ्यायचं आणि वर तेल खायचं, याला काय अर्थ? तेल-तूप बंद, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?”

त्याचे वडील ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेले. पुढे मुलातही आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचे निदान झाले, तेव्हा तो आदेश मीच दिला होता. वीस वर्षे त्याने तो निष्ठेने पाळला. आज त्याची कृश देहयष्टी पाहून मला माझ्याच आदेशाचा पुनर्विचार करावा लागत आहे.

१९७५ साली लंडनमध्ये गिल्बर्ट थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार केला. त्यातूनच पुढे ‘एलडीएल अ‍ॅफेरेसिस’ ही पद्धत विकसित झाली. एका हातातून रक्त बाहेर घेतात, त्यातील एलडीएल कण गाळणीत अडवतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. एका बैठकीत एलडीएल ६० ते ७० टक्के उतरते व पुढील दोन आठवड्यांत पुन्हा चढते. २०१५पासून उपलब्ध झालेल्या पीसीएसके९-रोधक इंजेक्शनांनी अनेकांची या यंत्रातून सुटका केली. भाच्याला मात्र ती पुरेशी ठरली नाहीत.

माझे म्हणणे एवढेच, की ही गाळणी एकटे कोलेस्टेरॉल उचलत नाही. एलडीएल कणातील बहुतांश कोलेस्टेरॉल मेदाम्लांशी जोडलेले असते आणि त्या मेदाम्लांत लिनोलेइक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. कणाच्या बाह्य आवरणातील फॉस्फोलिपिडांतही मेदाम्ले असतात. एलडीएल काढले की हा सारा ऐवजही त्याच्याबरोबर जातो.

तो किती? माझा ढोबळ हिशेब असा: प्लाझ्मा तीन लिटर आणि एलडीएल कोलेस्टेरॉल २०० मिलीग्रॅम धरले, तर एका बैठकीत सुमारे चार ग्रॅम कोलेस्टेरॉल निघते व त्यासोबत दीड ग्रॅमच्या आसपास लिनोलेइक आम्ल. पारंपरिक वाणाच्या करडईच्या तेलात हे आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे चहाचा एक चमचा तेल ही तूट सहज भरून काढते. शिवाय शरीरातील चरबीचा साठाही मदतीला असतो. तेव्हा चारचौघांसारखे जेवणाऱ्या रुग्णाने चिंता करू नये. परंतु ज्याने तेल वर्ज्य केले आहे आणि ज्याच्या अंगावर चरबीच उरलेली नाही, त्याची ही दोन्ही दारे आपण बंद करतो, याचा विचार व्हावा.

कोणी म्हणेल, रुग्णाला सूट दिली की तो तळणीकडे वळतो. ही भीती खरी आहे. साजूक तूप, वनस्पती तूप, खोबरे यांवरील निर्बंध मीही उठवत नाही. मात्र संपृक्त मेद कमी करणे आणि स्निग्धताच हद्दपार करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या भागातील करडई आणि ताटातील जवसाची चटणी यांना तुपाच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, आणि तेही शरीराला घडवता येत नाही.

व्यवसायबंधूंना आणखी एक विनंती. या उपचारात हेपॅरिन देतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील लायपेज विकर सुटते, ट्रायग्लिसराइडांचे विघटन होते आणि रक्तातील मुक्त मेदाम्ले तात्पुरती वाढतात. म्हणून मेदाम्लांची तपासणी करायचीच असेल, तर नमुना बैठकीपूर्वी, उपाशीपोटी घ्यावा. बैठकीनंतरचा आकडा रुग्णाच्या आहाराविषयी काहीच सांगत नाही.

एलडीएलचा आकडा उतरला की आपण समाधानाने कागद मिटतो. त्याआधी रुग्णाचे वजन आणि त्याच्या घरी महिन्याला लागणारे तेल, एवढे तरी विचारावे. आणि चिठ्ठीवर ‘तेल बंद’ असे दोन शब्द लिहिण्याऐवजी कोणते तेल व किती चमचे, हे लिहावे. मी भाच्याला तसे लिहून दिले आहे. वीस वर्षांच्या विलंबाने.