आत्याची नखं

दिवाळीला वर्ध्याला गेले की माझा एक फिक्स कार्यक्रम असतो, आत्याचं मॅनिक्युअर! पुण्याहून नेलपॉलिशच्या दोन झकास शेड्स न्यायच्या आणि तिच्या 'नको नको'कडे साफ दुर्लक्ष करायचं. मागच्या दिवाळीत मात्र जुनं पॉलिश पुसलं आणि माझा हातच थांबला. दहाही नखं पिवळी, जाड, कडांनी वळलेली. मुळाशी पांढरी चंद्रकोर असते ना, ती गायब.

"काही नाही वं, हळद हाये थे," इति आत्या. वायगावची हळद म्हणजे आमच्या जिल्ह्याची शान, जीआय मिळवलेली. तिच्यावर संशय कोण घेणार? पाय सुजायचे, तर शेजारच्या काकू म्हणाल्या हत्तीपाय. तेही चूक नाही, जिल्ह्यात हा आजार आहेच, सेवाग्रामला त्यावर संशोधनही झालंय. खोकला? मग टीबी असेल. दोन्ही टेस्ट झाल्या. निगेटिव्ह. जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यात गेली. प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार, त्यामुळे सगळ्या एकत्र कुणी मांडल्याच नाहीत.

मग मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, बिनपॉलिशच्या हातांनी. त्यांनी एक्स-रेच्या आधी बोटं पाहिली आणि विचारलं, "नखं कधी कापली होती?" आत्याला आठवेचना! फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं.

यलो नेल सिंड्रोम. 1964 साली इंग्लंडमध्ये सॅमन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 13 पेशंट्सवरून याचं वर्णन केलं. पिवळी नखं, सूज आणि छातीचा त्रास. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, दोन असली तरी डॉक्टर सावध होतात. दहा लाखांत एखादाच पेशंट, तोही बहुधा पन्नाशीपुढचा. शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिका वाहिन्यांचं काम बिघडतं, असं मानलं जातं. म्हणजे ड्रेनेजच तुंबलं म्हणा ना. एरवी हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, इथे ते जवळपास संपावरच जातं.

हमखास औषध नाही. पाणी काढतात, पायांना घट्ट पट्ट्या बांधतात, व्हिटॅमिन ई देऊन बघतात. काहींची नखं आपोआपही सुधारतात.

आता लगेच स्वतःची बोटं न्याहाळत बसू नका! तुमच्या पिवळ्या नखांचा गुन्हेगार बहुतेक वेळा डार्क पॉलिश नाहीतर फंगस असतो. आणि सूज किंवा खोकला असेल तर हत्तीरोग, टीबीच्या टेस्ट आधी व्हायलाच हव्यात. फक्त डॉक्टरकडे जाताना पॉलिश पुसून जा. त्याने बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं रीडिंगही चुकू शकतं.

आत्याचं पाणी दोनदा काढलंय. जिना चढते, मधल्या पायरीवर थांबून. या दिवाळीला मी एकच बाटली नेणार आहे, ट्रान्सपरंट.