ओढणी डोक्यावर घ्या, नाहीतर बाहेर थांबा



हल्ली आपल्यातल्या पुष्कळ जणी जॉर्जिया, रशिया, ग्रीस अशा सहली करून येतात. सोबत स्वयंपाकी महाराज असतो, बॅगेत खाकरे असतात, चौविहार सांभाळला जातो, सगळं छान. परत आल्यावर मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते, की तिथल्या चर्चच्या दारात डोक्यावर फडकं घ्यायला लावलं. तरुण सुना म्हणतात, "सासऱ्यांसमोरचा पदर सुटायला आमच्या घरात दोन पिढ्या गेल्या, आता परदेशात पैसे भरून परत तेच?" आणि माझ्या वयाच्या काही जणी म्हणतात, "परक्या देवापुढे डोकं झाकायचं म्हणजे मिथ्यात्वच की!" मला ही दोन्ही बोलणी पटत नाहीत.

आधी नियम काय आहे तो नीट समजून घ्या. "गोव्याला तर कोणी काही म्हणालं नाही" असं बऱ्याच जणी सांगतात. बरोबर आहे, गोव्याची ती मोठी चर्चेस कॅथलिक. त्यांच्याकडेही १९१७ च्या धर्मसंहितेत बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं लिहिलेलं होतं. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम राहिलं नाही. ऑर्थोडॉक्स ही वेगळी शाखा आहे, आणि तिच्यातही देशोदेशी चाल निराळी. रशियात आणि जॉर्जियात जिथे पूजा चालते तिथे बाईने डोकं झाकायचं. तिबिलिसीचं सामेबा घ्या किंवा काझबेगीच्या डोंगरावरचं गेर्गेती. अशा ठिकाणी दाराशी ओढण्या ठेवलेल्या असतात, आणि पँट घातलेल्या बाईसाठी कमरेला गुंडाळायचं कापडही. ग्रीसमध्ये मात्र डोक्याचा आग्रह फारसा नाही. तिथे मेटेओराला उंच सुळक्यांवर जे सहा मठ आहेत, तिथे बायकांना पँटवर घागऱ्यासारखं कापड गुंडाळायला देतात. आपल्या केरळातही ऑर्थोडॉक्स लोक आहेत बरं का. तिथल्या बायका साडीचा पदर डोक्यावर घेऊनच प्रार्थनेला उभ्या राहतात.

नियम पुरुषांनाही आहे, तो आपण विसरतो. बायबलमध्ये संत पॉलचं करिंथच्या लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, त्याच्या ११ व्या अध्यायात हे सगळं येतं. बाईने झाकावं, पुरुषाने उघडं ठेवावं. म्हणून मॉस्कोच्या थंडीत आपल्या काकांची माकडटोपी दारातच उतरते, आणि मेटेओराला अर्ध्या चड्डीतल्या पुरुषाला आत सोडत नाहीत.

आता "बाईनेच का?" हा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. त्या पत्रात कारण दिलंय ते असं, की बाईचं मस्तक म्हणजे पुरुष. मला ते कारण मुळीच मान्य नाही, आणि कोणी माझ्या सुनेला ते शिकवायला आलं तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही. पण हे भांडण कोणाचं आहे? ते त्या धर्मातल्या बायकांचं आहे. ग्रीसमधल्या बहुतेक बायकांनी रोजच्या चर्चमध्ये डोकं झाकणं सोडलं, ते आपलं आपण सोडलं. सहलीला आलेल्या कोणा बाईने दारात हुज्जत घातली म्हणून नव्हे. रशियातल्या बायकांनी रुमाल ठेवला, तोही त्यांचा त्यांनीच.

आणि तो रुमाल त्यांनी कसा ठेवला हे जरा वाचा. मॉस्कोचं ख्रिस्त तारणहाराचं प्रचंड कॅथेड्रल सरकारने १९३१ साली सुरुंग लावून उडवलं. तिथे सोव्हिएत राजवाडा उभारायचा होता, तो कधी झालाच नाही, आणि १९६० मध्ये त्या जागी लोकांना पोहायला तलाव उघडला. देवळाच्या जागी पोहण्याचा तलाव, विचार करा! त्या काळात देशभर चर्चेस बंद पडली, कुठे गोदाम झालं, कुठे संग्रहालय. जी थोडी उघडी राहिली त्यांच्यात कोण जात होतं? नोकरीवर जाणारे तरुण जायला घाबरत होते. जात होत्या त्या म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या. त्यांच्या भाषेत आजीला बाबुश्का म्हणतात. इंग्रजांनी पुढे त्या रुमालालाच बाबुश्का म्हणायला सुरुवात केली. या आज्यांनी मेणबत्त्या लावल्या, फरशा पुसल्या, नातवंडांचे बाप्तिस्मे गुपचूप उरकले. ते कॅथेड्रल पुन्हा बांधलं आणि २००० साली त्याची प्रतिष्ठापना झाली. आज तिथे दारात एखादी आजी तुम्हाला डोक्याकडे बोट करून खुणावते, तेव्हा ती तुम्हाला पुरुषाची दासी करायला बसलेली नसते. तिच्या आईने जे टिकवलं ते ती राखते आहे. तिच्याशी आपण "स्त्रीमुक्ती" बोलायची? आपल्याला तिची भाषाही येत नाही!

इस्तंबूलचं हागिया सोफिया बघा. ५३७ साली चर्च म्हणून बांधलं, १४५३ नंतर मशीद झालं, गेल्या शतकात संग्रहालय झालं. संग्रहालय असताना कोणालाही डोकं झाकावं लागत नव्हतं. २०२० पासून पुन्हा मशीद आहे, तर आता बायका झाकतात. दगड तेच, घुमट तोच. आत कोणाची तरी प्रार्थना चालू आहे की नाही, एवढाच फरक. मॉस्कोच्या लाल चौकातलं ते रंगीत घुमटांचं संत बसिलचं चर्च संग्रहालय म्हणून तिकीट काढून बघता येतं, तिथे सहसा कोणी टोकत नाही. ज्यांना डोकं झाकायचंच नाही त्यांनी अशी ठिकाणं बघावीत, किंवा बाहेरून फोटो काढावेत. आत या म्हणून आपल्याला कोणी निमंत्रण दिलेलं नसतं.

आता मिथ्यात्ववाल्यांना सांगते. डोकं झाकणं म्हणजे वंदन नव्हे, तो त्या घरचा शिष्टाचार. श्रवणबेळगोळला परदेशी पाहुणे विंध्यगिरीच्या पायथ्याशी बूट काढतात आणि तापल्या दगडावरून सहाशेच्या वर पायऱ्या चढतात. राणकपूरला कातड्याचा पट्टा बाहेर काढून ठेवतात. त्याने ते जैन झाले का? त्यातला एखादा म्हणाला असता, "मी तुमचा देव मानत नाही, मी पट्टा घालूनच येणार," तर आपणच सगळ्यात आधी आरडाओरडा केला असता. मग आपल्या दाराचा नियम तो पावित्र्य आणि त्यांच्या दाराचा तो जाच, हा कुठला हिशोब? जमा एका वहीत आणि नावे दुसऱ्या वहीत, असं चालत नाही.

खरं जपायचं ते पुढेच आहे, आणि तिथे आपल्या बायका बिनधास्त असतात. फोटोसाठी मेणबत्ती लावतात, दुसऱ्याचं बघून छातीवर क्रूस काढतात, रांगेत उभ्या राहून चित्राला ओठ लावतात. हे मात्र त्यांचं पूजन आहे. ते आपण करण्याचं कारण नाही, आणि गंमत म्हणून केलं तर त्यांचाही अपमान. शिवाय त्या मेणबत्त्या परंपरेने मधमाश्यांच्या मेणाच्या. मध न खाणाऱ्या घरच्या बाईने ती हातात घेताना एवढं तरी आठवावं. मेणबत्ती लावायची सक्ती तिथे कोणी करत नाही. हात जोडून, तोंड मिटून एका बाजूला उभं राहता येतं.

साडी असेल तर पदर पुरतो, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी. जीन्सवाल्यांनी एक सुती ओढणी आणि एक पातळ लुंगीसारखं कापड पर्समध्ये ठेवावं, म्हणजे दारातलं शंभर जणींनी वापरलेलं घ्यावं लागत नाही. पर्स कापडाची असेल तर उत्तमच. आणि सहलवाल्यांना पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारा, कुठल्या दिवशी कुठलं चर्च आहे आणि तिथे पूजा चालते का. ते तुम्हाला नाश्त्याची वेळ दहादा सांगतात, पण हे बस थांबल्यावर सांगतात, आणि तोवर ओढणी सामानात खाली गेलेली असते.